श्वेतपेशी आणि गोठणारे रक्त

पावसाळा उतरणीला लागला की जबलपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मंडला, दिंडोरी, सिवनी या जिल्ह्यांतून तापाचे रुग्ण येऊ लागतात. १९५५ मध्ये स्थापन झालेली आणि आज नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या नावाने ओळखली जाणारी ही संस्था महाकोशलातील फार मोठ्या प्रदेशाचा शेवटचा आधार आहे. दिंडोरीहून येथवरचा रस्ता सुमारे दीडशे किलोमीटरांचा. मलेरिया, विषमज्वर, न्यूमोनिया, चिघळलेली जखम, कारण काहीही असो, योग्य उपचार वेळेवर मिळाले तर बहुतेक रुग्ण बरे होतात. परंतु जंतुसंसर्ग विकोपाला गेलेल्या काही रुग्णांत एक चमत्कारिक दृश्य पाहावयास मिळते. सुई टोचलेल्या जागेतून रक्त झिरपत राहते, हिरड्यांतून रक्त येते, कातडीवर जांभळट डाग उमटतात. म्हणजे रक्त गोठत नाही. त्याच वेळी त्या रुग्णाच्या बोटांची टोके काळसर आणि थंडगार पडतात, लघवी होईनाशी होते, श्वास लागतो. कारण त्या त्या अवयवांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांत रक्त गोठून बसलेले असते. एकाच देहात एकाच दिवशी रक्त गोठतही नाही आणि नको तेथे गोठतेही, हे कसे?

या अवस्थेला सेप्सिस म्हणतात. जुन्या पिढीतील डॉक्टर ‘रक्तात विष भिनले’ असे सांगत आणि नातेवाइकांना त्यावरून जे समजावयाचे ते समजे. शरीरात शिरलेल्या जंतूंविरुद्ध शरीराने चालविलेला प्रतिकार बेताल होऊन स्वतःच्याच अवयवांना निकामी करू लागला, की सेप्सिस झाला असे आता मानतात. २०१६ मध्ये तज्ज्ञांनी ठरविलेल्या व्याख्येचा गाभा हाच आहे. २०१७ या एका वर्षात जगभरात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि सुमारे १ कोटी १० लाख मृत्यूंशी त्याचा संबंध होता, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.

जंतुसंसर्ग आणि रक्त गोठणे यांचा संबंध २०२० पूर्वी रुग्णालयाबाहेर फारसा कोणाला ठाऊक नव्हता. त्या वर्षी २० मार्च रोजी मध्य प्रदेशातील कोविडचे पहिले चार रुग्ण जबलपूर शहरातच आढळले, आणि पुढील दीड वर्षात ‘डी-डायमर’ हा शब्द जबलपुरात काय किंवा नागपुरात काय, घरोघरच्या बोलण्यात आला. औषधाच्या दुकानापुढे रांगेत उभी असलेली माणसे आपल्या वडिलांचा डी-डायमर किती आला हे एकमेकांस सांगत. हा डी-डायमर म्हणजे विरघळलेल्या गुठळीचा तुकडा होय. रक्तातील त्याचे प्रमाण पुष्कळ वाढणे हे शरीरात गुठळ्या बनत आहेत आणि मोडतही आहेत याचे चिन्ह समजतात. पण विषाणू शिरतो फुप्फुसात. मग रक्ताने गोठावे कशासाठी, हा प्रश्न मात्र थोड्यांनीच विचारला. त्याच्या उत्तराचा मोठा भाग, ज्यांना आपण शरीराचे शिपाई म्हणतो त्या श्वेत रक्तपेशींपाशी आहे.

प्रथम निरोगी माणसाचे रक्त कसे गोठते ते थोडक्यात पाहू. भाजी चिरताना बोट कापले की रक्तातील बिंबिका, म्हणजेच प्लेटलेट, कापलेल्या जागी येऊन चिकटतात आणि तात्पुरते बूच बसवितात. रक्तवाहिनीच्या भिंतीत, अस्तराच्या पलीकडे, ‘ऊतक-घटक’ नावाचे एक प्रथिन असते. एरव्ही वाहत्या रक्ताची त्याच्याशी गाठ पडत नाही. भिंत फाटली की ती पडते. मग रक्तातील सातव्या क्रमांकाचा घटक त्याला चिकटतो, ती जोडी दहाव्या घटकास जागा करते, त्यातून पुढे थ्रॉम्बिन तयार होते आणि थ्रॉम्बिन हे रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजनपासून फायब्रिनचे चिवट धागे बनविते. या धाग्यांत बिंबिका आणि तांबड्या पेशी अडकल्या की गुठळी पक्की होते. ऊतक-घटक रक्ताच्या बाहेर आहे तोवरच ही व्यवस्था सुरक्षित असते, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

या वर्णनात श्वेतपेशींचा उल्लेख कोठेच आला नाही. शरीरशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतही तो दीर्घकाळ नसे. रक्त गोठण्याचे प्रकरण एका जागी, रोगप्रतिकाराचे दुसऱ्या जागी, आणि दोहोंचे परीक्षक निराळे! श्वेतपेशींची ख्याती होती ती जंतूंना गिळंकृत करण्याविषयी. १८८२ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे इल्या मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक डिंभात गुलाबाचा काटा खुपसून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी त्या काट्याभोवती फिरत्या पेशींचा घोळका जमलेला पाहिला. तेथून भक्षक पेशींची कल्पना निघाली आणि १९०८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मराठी वाचकांस त्यांचा एक दूरचा धागा परिचयाचा आहे. ओडेसा येथे त्यांच्या हाताखाली शिकलेले वाल्देमार हाफकिन हेच १८९६ च्या प्लेगमध्ये मुंबईस आले आणि १० जानेवारी १८९७ रोजी आपल्या लसीची टोचणी त्यांनी आधी स्वतःस करून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

श्वेतपेशींचा रक्त गोठण्याशी संबंध असावा, याचा पहिला भक्कम पुरावा सशांवरील एका प्रयोगातून आला. न्यूयॉर्कमधील ग्रेगरी श्वार्ट्झमन यांनी १९२८ मध्ये असे दाखविले, की विषमज्वराच्या जंतूंचा गाळलेला द्रव सशाच्या कातडीत टोचला असता फारसे काही होत नाही. मात्र चोवीस तासांनी तोच द्रव शिरेतून दिला, तर काही तासांतच कातडीतील ती जागा रक्ताळते आणि काळी पडते. दोन्ही मात्रा शिरेतूनच दिल्या तर मूत्रपिंडांतील सूक्ष्म वाहिन्या फायब्रिनने भरून जातात. इटलीचे जुझेप्पे सानारेल्ली यांनी कॉलऱ्याच्या जंतूंवर काम करताना १९२४ मध्ये अशाच प्रकारची घटना नोंदविली होती. सेप्सिसच्या रुग्णात जे घडते त्याची ही प्रयोगशाळेतील प्रतिकृतीच होती. १९५० च्या सुमारास अमेरिकेतील संशोधकांनी सशांना आधी नायट्रोजन मस्टर्ड हे औषध दिले. पहिल्या महायुद्धातील विषारी वायूच्या कुळातील हे रसायन रक्ताच्या कर्करोगावर वापरले जाऊ लागले होते. श्वेतपेशींचा ते फडशा पाडते. या सशांत श्वार्ट्झमन यांची घटना घडलीच नाही. जंतूंचे विष तेच, मात्रा तीच. श्वेतपेशी तेवढ्या नव्हत्या आणि रक्त गोठले नाही.

हा संबंध किती प्राचीन आहे याची साक्ष एक सागरी प्राणी देतो. घोड्याच्या नालेच्या आकाराचा, खेकडा म्हणून ओळखला जाणारा परंतु कुळाने कोळी-विंचवांच्या जवळचा असा हा जीव आपल्याकडे ओरिसा व बंगालच्या किनाऱ्यावर सापडतो. त्याच्या रक्तात बहुतांशी एकाच जातीची पेशी असते. आपल्याकडील श्वेतपेशी आणि बिंबिका यांची दोन्ही कामे तीच पार पाडते. अमेरिकेतील फ्रेडरिक बँग यांनी १९५६ मध्ये असे प्रसिद्ध केले, की या प्राण्याच्या शरीरात विशिष्ट प्रकारचे जंतू सोडले असता त्याचे रक्त गोठून जाते. पुढे जॅक लेव्हिन यांच्यासमवेत त्यांनी दाखविले, की जंतू जिवंत असण्याचीही गरज नाही. जंतूंच्या बाह्य आवरणातील अंतर्विषाचा अंशही पुरतो. शिरेतून द्यावयाच्या औषधांत असे अंतर्विष राहिले नाही ना, हे तपासण्यासाठी या प्राण्याच्या रक्ताचा उपयोग कित्येक दशके होत आला आहे. या जीवाच्या दृष्टीने रक्त गोठणे आणि जंतूंशी लढणे ही दोन कामे नव्हतच. आत शिरलेला शत्रू जेथे असेल तेथेच त्याला लाखेत बसविल्यासारखा बंद करून टाकावयाचा, एवढीच त्याची युद्धनीती. आपल्या शरीरात ही कामे निरनिराळ्या पेशींत वाटली गेली. तरी जुने नाते तुटले नाही.

हे नाते मनुष्यात दोन जातींच्या श्वेतपेशी विशेषेकरून पाळतात. पहिली मोनोसाइट, आकाराने मोठी. तिच्या पृष्ठभागावर जंतूंचे अंतर्विष ओळखणारे ग्राहक असतात. अंतर्विष तेथे बसले की काही तासांतच ही पेशी ऊतक-घटक स्वतः तयार करून आपल्या पृष्ठभागावर मांडते. वाचकांस स्मरत असेलच, की रक्ताच्या बाहेर असला पाहिजे तो हाच. तो आता रक्ताबरोबर वाहू लागतो, आणि पेशीपासून सुटलेल्या सूक्ष्म पुटिकांवर बसून दूरवर जातो. कोठेही जखम नसताना जखम झाल्याची दवंडी साऱ्या शरीरभर पिटली जाते. १९९४ मध्ये चिंपांझींवर केलेल्या प्रयोगात ऊतक-घटकाला बांधून ठेवणारे प्रतिपिंड दिले असता अंतर्विषामुळे होणारे रक्ताचे गोठणे थांबले. २०१९ मध्ये या कथेत आणखी भर पडली. जंतूंचा अंश पेशीच्या आत पोचला तर मोनोसाइटसारख्या पेशी स्वतःच्या आवरणास छिद्रे पाडून मरतात आणि त्या वेळी ऊतक-घटक मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो, असे उंदरांत दिसून आले. शिपाई मरताना दारूगोळ्याचे कोठार उघडे टाकून जावा, तसा हा प्रकार आहे.

दुसरी जात न्यूट्रोफिलची. आपल्या श्वेतपेशींत निम्म्याहून अधिक वाटा यांचा असतो. अस्थिमज्जा दररोज सुमारे दहा हजार कोटी नवे न्यूट्रोफिल तयार करते, आणि रक्तात त्यांचे आयुष्य फार थोडे असते. ते जंतूंना गिळतात, विषारी द्रव्ये फेकतात, हे पूर्वीच ज्ञात होते. परंतु २००४ मध्ये बर्लिन येथील आर्तुरो झिखलिन्स्की, फोल्कर ब्रिंकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अनपेक्षित गोष्ट प्रसिद्ध केली. जंतूंनी चेतविलेला न्यूट्रोफिल आपले केंद्रक उलगडतो आणि त्यातील डीएनएचे धागे बाहेर फेकून त्यांचे जाळे पसरतो. एका पेशीतील डीएनए सरळ केला तर सुमारे दोन मीटर लांब भरतो, हे लक्षात घेतले म्हणजे हे जाळे केवढे असू शकते याची कल्पना येईल. या धाग्यांना हिस्टोन नावाची प्रथिने आणि जंतुनाशक एंझाइमे लगडलेली असतात. आनुवंशिकतेचा जो वारसा पेशीने जपून ठेवावयाचा, तोच ती कोळ्याच्या जाळ्याप्रमाणे शत्रूवर टाकते आणि असे करताना बहुधा स्वतः संपते.

जंतू या जाळ्यात अडकतात. दुर्दैवाने, तेथून वाहत जाणारे इतर पुष्कळ काहीही अडकते. बिंबिका धाग्यांना चिकटतात, तांबड्या पेशी गुंततात. डीएनएच्या ऋण विद्युत्‌भारामुळे रक्त गोठविणाऱ्या साखळीची दुसरी वाट, बाराव्या घटकापासून सुरू होणारी, उघडते. हिस्टोन तर रक्तवाहिनीच्या अस्तराला जाळतातच. २००९ मध्ये असे आढळले, की उंदरांना शिरेतून हिस्टोन टोचले तर तेवढ्यानेच ते मरतात. आणि पुढे जी गुठळी बनते तिच्यात फायब्रिनचे धागे व डीएनएचे धागे एकमेकांत विणलेले असतात. गुठळी विरघळविणारे शरीरातील एंझाइम फायब्रिन कापते, डीएनए त्याला कापता येत नाही. त्यासाठी निराळी एंझाइमे आहेत. ज्या उंदरांत तशी दोन एंझाइमे नव्हती, त्यांच्यात न्यूट्रोफिल चेतविले गेल्यावर या जाळ्यांनीच रक्तवाहिन्या तुंबल्या व उंदीर मेले, असे २०१७ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी दाखविले.

आता हे सारे जेथे घडते ती जागा पाहू. भेडाघाटास गेलेल्या वाचकांना संगमरवरी कड्यांमधील ‘बंदरकूदनी’ आठवत असेल. नर्मदेचे दोन्ही काठ तेथे इतके जवळ येतात, की माकड एका काठावरून दुसऱ्यावर उडी मारू शकेल, म्हणून ते नाव. केशवाहिनी याहूनही अडचणीची. तिची रुंदी पाच-सहा मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या पाच-सहापट, आणि न्यूट्रोफिलचा व्यास सुमारे आठ. निरोगी न्यूट्रोफिल मऊ असतो, अंग चोरून निघून जातो. सेप्सिसमध्ये तो ताठर होतो आणि अडकतो. भेडाघाटच्या कड्यांत नदीला निदान जोर असतो. केशवाहिन्यांत रक्ताचा प्रवाह मुळातच संथ. अशा जागी एक ताठर पेशी, तिचे जाळे, त्यात बिंबिका आणि भोवती फायब्रिन एवढे जमले, की पलीकडच्या पेशींचा प्राणवायू बंद होतो. मूत्रपिंड, फुप्फुस, बोटांची टोके यांची जी अवस्था आरंभी सांगितली ती अशी होते.

शरीराजवळ रक्त गोठण्याला आवर घालणारी साधने नाहीत असे नाही. अँटिथ्रॉम्बिन थ्रॉम्बिनला जखडते. ऊतक-घटकाला अडविणारे एक प्रथिन आहे. आणि वाहिन्यांच्या निरोगी अस्तरावर प्रोटीन-सी नावाचे प्रथिन जागे होऊन साखळीचे दुवे तोडते. पण येथेही श्वेतपेशींचे हात पोचतात. न्यूट्रोफिलचे इलास्टेज हे एंझाइम यांतील पहिल्या दोहोंचे तुकडे करते, आणि सुजलेले अस्तर प्रोटीन-सीला जागे करीनासे होते. गाडीचा वेग वाढविणारा आणि तिचा ब्रेक तोडणारा एकच, असे झाल्यावर परिणाम काय होणार हे सांगावयास नको. लाखो सूक्ष्म गुठळ्यांत बिंबिका आणि गोठविणारे घटक खर्ची पडतात. यकृताला ते तितक्या वेगाने पुन्हा तयार करता येत नाहीत. आणि मग सुईच्या टोचणीएवढ्या जखमेसाठीही काही शिल्लक उरत नाही. रुग्णाला रक्तस्राव होतो तो रक्त फार गोठल्यामुळे होतो.

यावर सुचणारा उपाय सरळ आहे: रक्त गोठू देऊ नये. गेल्या काही दशकांत तो मोठ्या आशेने करून पाहिला गेला, आणि त्याची हकिगत निराशाजनक असली तरी सांगण्यासारखी आहे. प्रोटीन-सीचे जागृत रूप औषध म्हणून तयार करण्यात आले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गंभीर सेप्सिसच्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण साध्या उपचाराने शेकडा ३०.८ आणि औषधाने शेकडा २४.७ आढळले. औषधाला मान्यता मिळाली. ते अतिशय महाग होते, तरी वापरले गेले. दहा वर्षांनी पुन्हा चाचणी घेतली तेव्हा औषध मिळालेल्यांत शेकडा २६.४ आणि न मिळालेल्यांत शेकडा २४.२ रुग्ण दगावले, म्हणजे फायदा काहीच दिसला नाही. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये ते बाजारातून काढून घेण्यात आले. अँटिथ्रॉम्बिनच्या मोठ्या चाचणीतही २००१ मध्ये मृत्यू कमी झाले नव्हते. रक्तस्राव तेवढे वाढले होते.

असे का व्हावे याचे एक उत्तर म्यूनिकमधील बेर्न्ट एंगेलमन आणि स्टेफेन मासबर्ग यांनी २०१३ मध्ये नीट मांडले. संसर्गात सूक्ष्म वाहिन्यांत रक्त गोठणे ही मुळात शरीराची चूक नसून संरक्षणाची एक रीत आहे, असे त्यांचे प्रतिपादन. एका जागी, थोड्या वाहिन्यांत, थोड्या वेळापुरते ते झाले तर जंतू कोंडले जातात, त्यांचा रक्तातून होणारा प्रसार थांबतो, आणि श्वेतपेशींना त्यांना गाठता येते. तीच रीत साऱ्या देहात एकदम सुरू झाली म्हणजे घातक ठरते. म्हणून सरसकट सर्वांचे रक्त पातळ केले, तर ज्याच्या गुठळ्या जंतूंना अडवीत आहेत त्याचे संरक्षण जाते. आणि ज्याच्या वाहिन्या आधीच बुजल्या आहेत त्याला उशीर झालेला असतो. कोविडमध्येही असेच दिसले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत हेपारिनच्या पूर्ण मात्रेने मध्यम आजारी रुग्णांना लाभ झाला. अतिदक्षता विभागात पोचलेल्या गंभीर रुग्णांना झाला नाही. मृत रुग्णांच्या फुप्फुसांतील गुठळ्यांत न्यूट्रोफिलची जाळी तोपर्यंत सापडलेली होती. ही जाळी विरघळविणारी किंवा ती मुळात पसरूच न देणारी औषधे शोधण्याचे प्रयत्न चालू आहेत. उंदरांत त्यांनी आशा दाखविली आहे. पण सेप्सिसमध्ये उंदीर बरे करणे ही गोष्ट वैद्यकाने यापूर्वी अनेकदा साधलेली आहे, हे विसरता येत नाही.

रुग्णाच्या खाटेशी उभ्या असलेल्या डॉक्टरास आज जे करता येते ते यामानाने साधे आहे. बिंबिकांची मोजणी रोज, जरूर तर दिवसातून दोनदा करावयाची. डेंग्यूमुळे हा आकडा आता सर्वांना परिचित झाला आहे, आणि तो खाली येताच नातेवाईक बिंबिका चढविण्याचा आग्रह धरतात. सेप्सिसमध्ये रक्तस्राव नसेल आणि आकडा फारच खाली गेला नसेल तर त्या चढवीत नाहीत. काल १ लाख ८० हजार असलेला आकडा आज ९० हजारांवर आला असेल, तर त्या बिंबिका कोठेतरी गुठळ्यांत जात असाव्यात अशी शंका घेऊन मूळ संसर्गाचा शोध घ्यावा लागतो: पू साठला असल्यास काढावयाचा, प्रतिजैविक बदलावयाचे, रक्तदाब सांभाळावयाचा. हेपारिन दिलेच तर पायांच्या शिरांत गुठळी होऊ नये एवढ्यापुरते, लहान मात्रेत. जंतू हटले तर मोनोसाइटना चेतविणारे विष हटते, आणि अस्तर हळूहळू पूर्ववत होते.

येथे प्रश्न तासांचा आहे. निरोगी स्वयंसेवकांना अंतर्विषाची अत्यल्प मात्रा दिली असता दोन ते चार तासांत त्यांच्या रक्तात थ्रॉम्बिन वाढू लागल्याचे आढळते. दिंडोरीहून जबलपूरपर्यंतच्या घाटरस्त्यास, वाहन तत्काळ मिळाले तरी, साधारण तितकाच वेळ लागतो. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार सेप्सिसमुळे रक्तदाब ढासळलेल्या रुग्णास प्रतिजैविकाची पहिली मात्रा निदानानंतर एका तासाच्या आत मिळावयास हवी. अशा रुग्णाच्या बाबतीत ती मात्रा गाडी निघण्यापूर्वीच, तालुक्याच्या आरोग्य केंद्रात द्यावी लागते.